फुकटचा दिवा की आपला दिवा?

विद्या मिळाली, बुद्धी मिळाली. आता ती कोणाच्या कामी यावी? हा प्रश्न प्रत्येक तरुणापुढे आज ना उद्या उभा राहतोच. सेवेचा मार्ग निवडला तरी त्याहून अवघड प्रश्न पुढे येतो. गरजवंताला वस्तू फुकट द्यावी, की तिचे काही मोल घ्यावे? तुम्ही काय कराल?

एक उदाहरण पाहू. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात सौर दिव्यांचे काम सुरू केले. पुढे २०१४ मध्ये शाळकरी मुलांसाठी दहा लाख दिव्यांचा संकल्प झाला. महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशातील गावेही त्यात आली. मुलांना दिवा १२० रुपयांना मिळे, उरलेला खर्च अनुदानातून भागे. दिवे जोडणारे, विकणारे आणि दुरुस्त करणारे हात मात्र त्या त्या भागातल्याच लोकांचे होते.

कोणी म्हणेल, मजुराच्या घरी १२० रुपये ही लहान रक्कम नाही. गरिबाकडून पैसे घेणे ही कसली सेवा? आक्षेप खरा आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आता दुसरे गाव पाहा. बैतूल जिल्ह्यातील बाचा या आदिवासी गावात सुमारे पंचाहत्तर घरे आहेत. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी सौर विजेवर चालणारी चूल घडवली आणि २०१८ च्या अखेरीस ती या गावातील घराघरांत पोहोचली. सरपणासाठी जंगलात होणारी पायपीट आणि डोळ्यांत जाणारा धूर कमी झाला. इथे खर्चाचा मोठा भार ओएनजीसीने उचलला. मग ही सेवा कमी दर्जाची ठरली का? मुळीच नाही.

म्हणजे खरी कसोटी पैशाची नाही. सौर पत्रा वर्षानुवर्षे टिकतो, पण बॅटरी काही वर्षांत थकते, तार सैल होते, बटण बिघडते. त्या दिवशी गावात ते उघडून पाहणारे कोणी आहे का? नसेल, तर दान कितीही मोठे असो, त्याची अडगळ होते. घेणारा पुन्हा दात्याची वाट पाहत बसतो. ज्ञान गावात रुजले असेल, तर वस्तू फुकट आली काय किंवा मोल देऊन आली काय, ती गावाची होते. देणाऱ्याचा अहंकार आणि घेणाऱ्याची लाचारी, दोन्ही तिथेच गळून पडतात.

जबलपूरच्या अधारतालमध्ये १९६४ पासून कृषी विश्वविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणारे तरुण सौर पंप, सौर वाळवणी यंत्र किंवा गोबरगॅस संयंत्र घेऊन गावात जातील, तेव्हा त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: यंत्र दाखवण्याआधी गावाची अडचण ऐकावी आणि परतण्याआधी गावातील दोघा-तिघांच्या हाती पाना-पकड सोपवावी.

आपल्यापैकी प्रत्येकजण काही शोध लावणार नाही. पण जे येते ते शिकवणे सर्वांनाच शक्य आहे. या आठवड्यात आपल्याला येणारे एक काम कोणाला तरी असे शिकवा, की त्याला पुन्हा आपल्याकडे यावे लागणार नाही.