मांसाचा मसुदा आणि जनावराचा धनी

देवनारच्या पशुवधगृहात बकरी ईदपूर्वी जो बाजार भरतो, त्यात गिऱ्हाईक बोकडाचा जबडा उघडून दात पाहते, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवून अंगावर मांस किती ते अजमावते आणि मगच भावाची गोष्ट काढते. त्या अंगठ्याखाली एका पशुपालकाची वर्षाची शिल्लक जोखली जात असते.

प्राण्याचा वध न करता त्याच्या पेशी वाढवून मांस निर्माण करण्याची विद्या आता कल्पनेच्या प्रांतात उरलेली नाही. सिंगापूरने २०२० साली अशा मांसाच्या विक्रीस मुभा दिली, अमेरिकेने २०२३ मध्ये दिली, तर इटलीने त्याच वर्षी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. २०१७ च्या विनियमांन्वये अशा अपरिचित अन्नास अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. खाणाऱ्याच्या प्रकृतीची ही काळजी रास्तच आहे, परंतु जनावराच्या धन्याचे काय, हा सवाल त्या छाननीच्या कक्षेत येत नाही.

या उपेक्षेचा दाखला घरचाच आहे. महाराष्ट्राच्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन गाईबरोबर बैल व वळू यांच्या वधासही मनाई झाली. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम राखली, मात्र परराज्यातून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा मानणारे कलम रद्द केले. खाणाऱ्याच्या खासगी जीवनाला अशी दाद मिळाली. दावणीच्या म्हाताऱ्या बैलाला वैरण कोणी घालायची, हा प्रश्न मात्र शेतकऱ्याच्याच गळ्यात राहिला.

गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतही भाकड म्हैस विकून आलेली रक्कम नव्या दुभत्या म्हशीच्या खरेदीत पडते. तेव्हा पेशींपासूनच्या मांसामुळे जनावराच्या मांसाचा भाव उतरला की दुधाचा हिशेब बिघडतो, हे मांसाला न शिवणाऱ्या बोरिवली-मुलुंडच्या घरांनीही ध्यानी घ्यावे.

वध टळावा असे मला मनापासून वाटते, म्हणूनच इटलीचा मार्ग मला पटत नाही. पण ज्या करुणेचा सारा खर्च सर्वांत दुबळ्याच्या नावे पडतो, ती करुणा अपुरी आहे. या मांसाचा कायदा कधी लिहिला जाईल तेव्हा पशुपालकाच्या नुकसानभरपाईची तरतूद त्याच मसुद्यात असावी, आणि सरकारने हरकती-सूचनांची पहिली सुनावणी मंत्रालयात न घेता देवनारच्या बाजारात घ्यावी.