दुसरे शील आणि कार्यकर्त्याचे घर



धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या घरातला एक माणूस समाजाच्या कामाला लागतो. विहाराची वर्गणी, धम्मवर्ग, जयंतीची तयारी, तालुक्याला अर्ज, कुठे मोर्चा. लोक त्याला मान देतात आणि तो द्यावाच. परंतु आज मी तुम्हांला विचारणार आहे ते त्याच्या मागे घरात जे राहतात त्यांच्याविषयी. अमक्याने समाजाला आयुष्य वाहिले असे आपण म्हणतो, तेव्हा ते आयुष्य त्याच्या एकट्याचेच असते काय?

परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. जुलै १९२० मध्ये ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि एप्रिल १९२३ मध्ये परतले. ती वर्षे त्यांनी अर्धपोटी राहून ग्रंथालयात काढली. त्याच वर्षांत माता रमाई इकडे मुंबईच्या चाळीत अपुऱ्या पैशांत संसार ओढीत होत्या. या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. एकटे यशवंतराव राहिले. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या. येवल्याची घोषणा त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला झाली आणि नागपूरची धम्मदीक्षा १९५६ साली. दोन्हींपैकी एकही त्यांना पाहता आले नाही.

बाबासाहेबांना या ऋणाची जाणीव नव्हती असे कोणी समजू नये. १९४० सालचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा त्यांचा ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला आहे आणि तिने आपल्याबरोबर किती सोसले हे तेथे नोंदविले आहे. ग्रंथ राजकारणाचा, आकडेवारीने भरलेला. आणि आरंभीच पत्नीचे सोसणे! ज्यांना बाबासाहेब केवळ विद्वान म्हणून ठाऊक आहेत त्यांनी ते पान अवश्य पाहावे.

याच दृष्टीने ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातील गृहत्यागाचे प्रकरण पुन्हा वाचा. आपण लहानपणापासून ऐकलेली कथा अशी, की मध्यरात्री पत्नी व तान्हा मुलगा झोपेत असताना सिद्धार्थ हळूच निघून गेला. बाबासाहेबांना ही कथा पटली नाही. त्यांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यापायी परिव्रज्या पत्करतो. मग तो घरी येतो. आईवडिलांना सांगतो, यशोधरेपुढे उभा राहतो. तिला हे सारे आधीच कळलेले असते. तिच्या जागी दुसरी असती तर कोसळली असती. ती विचार करून संमती देते, आणि राहुलचा सांभाळ करावयाचा नसता तर आपणही बरोबर आलो असतो असे सांगते. जिला किंमत मोजावयाची आहे तिला विचारल्यावाचून सिद्धार्थ उंबरा ओलांडत नाही. माझ्या मते हा बदल फार मोलाचा आहे.

आता आपल्या पंचशीलाकडे या. दुसरे शील आपण रोज म्हणतो: जे दिलेले नाही ते घेणार नाही. याचा अर्थ आपण चोरी एवढाच करतो आणि चोरी तर आपण करीत नाही, म्हणून पुढच्या शीलाकडे वळतो. पण बायकोच्या मजुरीचे पैसे न विचारता वर्गणीत घातले तर ते कशात मोडते? मुलाच्या फीचे पैसे मंडपाला दिले तर? रोज रात्री बारापर्यंत बैठक आणि तापाने फणफणलेले लेकरू एकट्या आईच्या मांडीवर, ही तिची रात्र कोणी दिली होती? दान स्वतःच्या वस्तूचे करता येते. दुसऱ्याच्या वाट्याचे उचलून दिले, तर घेणारा विहार असला म्हणून ते दान होत नाही.

कोणी म्हणेल, असे विचारत बसलो असतो तर चवदार तळ्यावर कोण गेले असते? प्रश्न बरोबर आहे. २० मार्च १९२७ चा दिवस थांबणारा नव्हता. परंतु आपली प्रत्येक बैठक म्हणजे महाड नव्हे. कित्येक बैठका तर गेल्या बैठकीतले भांडण पुढे चालविण्यासाठीच होतात, हे तुम्हीही जाणता.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ७ फेब्रुवारीला रमाईच्या प्रतिमेला हार घालावयाचा, त्यांच्या त्यागावर तासभर बोलावयाचे आणि घरी आल्यावर तोच त्याग बायकोकडून हक्काने मागावयाचा. याच बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना सांगितले होते, की पतीच्या बाजूला मैत्रीण म्हणून उभ्या राहा, त्याची दासी होण्याचे नाकारा. नाकारण्याचा अधिकार असेल तरच तिच्या होकाराला अर्थ.

तेव्हा पुढच्या वेळी विहाराचा चिटणीस निवडताना त्याच्या घरी दोघेतिघे जाऊन त्या माउलीला सरळ विचारा: ताई, दादा आठवड्यातून किती रात्री बाहेर राहिले तर तुम्हांला चालेल? ती म्हणेल दोन, तर दोन. ती नाही म्हणाली, तर चिटणिसाचे काम चौघांत वाटून घ्या, आणि त्या चौघांत एकदोन बायका असू द्या. हिशेबाची वही दुपारीही लिहिता येते.