पापाचा वाटेकरी कोण?

महाराष्ट्रातील लहानथोर सर्वांस वाल्याची कथा परिचित आहे. अरण्यातील वाटेवर दबा धरून बसावे, येणाऱ्या वाटसरूस ठार करावे, त्याचे द्रव्य घरी न्यावे आणि त्यावर बायकामुलांचे पोषण करावे, असा त्याचा नित्यक्रम होता. एका हत्येमागे एक खडा टाकता टाकता सात रांजण भरले, असे लोककथा सांगते. एके दिवशी नारदमुनी त्या वाटेने आले आणि त्यांनी त्यास एवढेच विचारले, ‘हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस, ते त्याचे वाटेकरी होतील काय?’ वाल्या घरी गेला. घरच्यांनी उत्तर दिले की, आमचे पोषण करणे हे तुझे कर्तव्य आहे. ते कोणत्या मार्गाने करावे हे तू ठरविलेस, तेव्हा पाप तुझे तुलाच. पुढील कथा सर्वश्रुतच आहे.

वाल्मीकींच्या रामायणात हा प्रसंग आढळत नाही. अध्यात्म रामायणाच्या अयोध्याकांडात तो येतो आणि तेथे नारदांच्या जागी सप्तर्षी आहेत. तपशील निरनिराळे असले तरी प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच आहे. कथेचा शेवट रामनामाच्या महिम्यात होत असल्याने श्रोत्यांचे लक्ष तिकडे वेधले जाते आणि हा मधला प्रश्न मागे पडतो. वस्तुतः मनुष्याच्या नित्य आचरणाशी त्याचा निकटचा संबंध आहे. बाहेर निर्दय आणि घरात प्रेमळ असे दोन आयुष्यांत वाटलेले जीवन एकाच मनुष्यास जगता येते काय? आणि ‘हे सारे घरच्यांसाठी’ या समर्थनास कितपत अर्थ आहे?

इतिहासातील वाल्ये

हा प्रश्न केवळ पुराणातला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य व उत्तर हिंदुस्थानातील रस्त्यांवर ठगांच्या टोळ्या वावरत होत्या. या टोळ्यांत हिंदू होते, तसेच मुसलमानही होते. वर्षातील काही महिने ते आपापल्या गावी शेती करीत, सणवार पाळीत, मुलांची लग्ने लावीत. पावसाळा सरल्यावर ते बाहेर पडत. वाटेत भेटलेल्या प्रवाशांशी स्नेह जोडावा, ‘वाट धोक्याची आहे, सोबतीने जाऊ’ असे सांगून त्यांच्याबरोबर चालावे, एकत्र मुक्काम करावा, आणि विश्वास पुरता बसला की तमाखूविषयीच्या एखाद्या साध्या वाक्याची खूण होताच रुमालाने गळा आवळावा, ही त्यांची रीत होती. रजेवर घरी निघालेले शिपाई, व्यापाऱ्यांचा पैसा नेणारे जासूद आणि तीर्थयात्रेस निघालेले यात्रेकरू असे सर्व प्रकारचे लोक त्यांना बळी पडले.

या टोळ्यांचा बंदोबस्त करणारे कंपनी सरकारचे अधिकारी विल्यम स्लीमन हे १८२२ पासून काही वर्षे नर्मदेकाठच्या नरसिंहपूर जिल्ह्याचे प्रमुख होते. आपल्या जिल्ह्यातील कोणताही गुन्हा आपणापासून लपून राहत नाही, असा त्यांचा समज होता. पुढे ठगांच्या जबान्यांतून त्यांना कळले की, त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आतच असलेल्या कंदेली गावात त्या काळी ठगांची एक टोळी राहत होती, आणि एका मजलेवरील आंबराया प्रेते पुरण्याच्या मोठ्या जागांपैकी होत्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या मनुष्याकडे जिल्ह्याचा न्याय सोपविला होता, त्याला हे शेजारी सभ्य गृहस्थ वाटत होते. यावरून या दुहेरी जीवनाची भिंत किती भक्कम असते, याची कल्पना येते.

फिरंगिया नावाच्या ठगांच्या जमादाराची हकिकत या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. तो जन्माने ब्राह्मण होता. त्यास पकडण्यासाठी स्लीमन यांनी त्याची आई, पत्नी व मूल यांना ताब्यात घेतले. त्याला दूर निघून जाणे शक्य होते, परंतु घरच्यांना सोडून जाणे त्याच्याने होईना. तो त्याच प्रदेशात घुटमळत राहिला आणि १८३० च्या अखेरीच्या सुमारास सापडला. माफीचा साक्षीदार झाल्यावर, ज्या आंबराईत स्लीमन यांचा तंबू उभारला होता, तिथल्याच जमिनीत पुरलेली प्रेते त्याने दाखवून दिली.

येथे थांबून विचार करणे अवश्य आहे. या मनुष्याचे घरच्यांवरील प्रेम खोटे म्हणता येत नाही, कारण त्या प्रेमासाठीच त्याने आपले स्वातंत्र्य गमावले. आणि तरीही, ज्यांचे गळे त्याच्या टोळीने आवळले, त्यांची घरी कोणी वाट पाहत असेल हा विचार त्याच्या हातास अडवू शकला नाही. मनुष्यात प्रेम असते की नसते, हा मुख्य प्रश्न नव्हे. त्या प्रेमाची सीमा आपल्या उंबरठ्याशी संपते की पुढे जाते, हा खरा प्रश्न आहे. ठगांच्या जबान्यांत याहूनही विलक्षण नोंदी आढळतात. काही प्रसंगी मारलेल्या प्रवाशांची लहान मुले ते आपल्या घरी आणीत आणि स्वतःच्या मुलांप्रमाणे वाढवीत. ज्या हातांनी त्या मुलाचे मातापिता नेले, तेच हात त्यास घास भरवीत होते. त्या घासात माया नव्हती असे कोण म्हणेल? परंतु त्या मायेने आधीचे कृत्य पुसले गेले, असेही कोणास म्हणता येणार नाही.

या जबान्या सरकारी अधिकाऱ्यांसमोर, जिवाच्या भीतीपोटी दिलेल्या होत्या, हे अर्थातच लक्षात ठेवावयास हवे. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, ठगांना एक भयंकर धर्मपंथ ठरविण्यात इंग्रजी लेखनाने बरीच अतिशयोक्ती केली. पुष्कळांच्या बाबतीत तो पोटाचा आणि लोभाचा धंदाच होता. हे मान्य केल्याने नैतिक प्रश्न सौम्य होत नाही, उलट अधिक कठीण होतो. कारण पोट आणि कुटुंब ही तर प्रत्येकाचीच सबब आहे.

भिंतीस पडणाऱ्या भेगा

असे दुहेरी जीवन केवळ जुन्या काळातच घडे, असेही नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १७ डिसेंबर १९८६ रोजी रिचर्ड कुक्लिन्स्की या इसमास अटक झाली. पैसे घेऊन माणसे मारणारा म्हणून तो पुढे कुप्रसिद्ध झाला. पत्नी, तीन मुले, नीटनेटके घर, शेजाऱ्यांशी सलोखा, असे त्याचे दिसणारे जीवन होते. शंभराहून अधिक हत्या केल्याची फुशारकी तो मारीत असे. तिला पुरावा नाही, परंतु न्यायालयात सिद्ध झालेल्या हत्याच त्यास आजन्म तुरुंगात ठेवण्यास पुरेशा होत्या. २००६ साली तो कैदेतच मरण पावला. बाहेरचे काम घरात येऊ दिले नाही, अशी अशा मनुष्यांची समजूत असते. पण त्याच्या पत्नीने पुढे मुलाखतींतून सांगितले की, तो तिला मारहाण करीत असे. घरात कामाचा शब्द आला नाही, परंतु हात तेच होते. ज्या हातास बाहेर दया वर्ज्य आहे, तो घरात आल्यावर केवळ मायाच शिकतो, असे होत नाही.

याउलट महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म जाणून घेण्यासाठी मिथिलेस जातो, तेव्हा त्यास जो गुरू भेटतो तो मांस विकणारा व्याध असतो. कौशिकास तो व्यवसाय अयोग्य वाटतो. व्याध आपला धंदा झाकीत नाही व त्याचा बडेजावही करीत नाही. त्यातील दोष तो स्वतःच सांगतो, आपण प्राण्यांचा वध स्वतः करीत नाही हेही सांगतो, आणि मग कौशिकास आपल्या घरी नेऊन वृद्ध मातापित्यांची सेवा दाखवितो. दुकानातून घरापर्यंत तो अतिथीस बरोबर घेऊन जाऊ शकतो, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्याच्या व्यवसायात जे घडते ते घरी ठाऊक आहे, आणि घरात जे आहे ते दुकानात सांगता येते. व्यवसाय लोकांच्या दृष्टीने उच्च की नीच, यावर धर्म ठरत नाही. दुकान आणि घर यांमध्ये लपविण्याजोगी भिंत उभारावी लागते की नाही, यावरून मनुष्यास स्वतःची पारख करता येते.

घरच्यांचे उत्तर

वाल्याच्या पत्नीच्या उत्तरास पुष्कळजण कृतघ्नपणा समजतात. पतीने आणलेले अन्न खाल्ले आणि प्रसंगी हात झटकले, असा तिला दोष दिला जातो. परंतु ती जे बोलली ते सत्यच होते. हत्या करणारा हात वाल्याचा होता आणि त्याचा निर्णयही वाल्याचाच होता. पोषणाचे कर्तव्य त्यास होते, म्हणून दुसऱ्याच्या घरचा कर्ता पुरुष मारण्याचा अधिकार त्यास प्राप्त होत नव्हता. ‘तुमच्यासाठी केले’ असे म्हणणारा मनुष्य बहुधा आपल्या कृत्याचे ओझे प्रिय माणसांच्या शिरावर ठेवू पाहतो, तेही त्यांना न विचारता.

तथापि ते उत्तर पूर्ण मात्र नव्हते. घरी येणारी वस्त्रे कोणाची, अलंकार कोणाचे, हे न कळण्याइतके त्या घरातील मोठे माणूस अजाण नव्हते. ज्याला खरोखरच ठाऊक नाही, त्यास दोष नाही. ज्याला ठाऊक होण्याजोगे होते पण ज्याने विचारण्याचे टाळले, त्यास हत्येचा नसला तरी मौनाचा वाटा घ्यावा लागतो. हे दोन वाटे वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

ते वेगळे न ठेवल्याने किती अन्याय होतो, हेही इतिहासाने दाखविले आहे. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरला. जबलपूर येथे माफीच्या साक्षीदारांना वसवून त्यांच्याकडून तंबू व गालिचे विणून घेण्यात येत. त्यांच्या मुलांवरही सरकारचा पहारा राहिला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. सोलापूर येथे तारेच्या कुंपणात अशा कुटुंबांची वसाहत होती. स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि ते समाज विमुक्त झाले. वाल्याच्या मुलांना जे पाप नारदांनी लावले नाही, ते कायद्याने अनेक पिढ्यांच्या निष्पाप मुलांना लावले. वाल्यास ज्या नावाने लोक ओळखतात, त्यावरून कोणा एका समाजाकडे बोट दाखविणे हेही त्याच चुकीचे लहान रूप होय.

द्रव्य आणि दान

ठगांच्या जबान्यांत असेही येते की, लुटीतील काही भाग ते देवीच्या चरणी अर्पण करीत, आणि विंध्याचलाच्या देवस्थानाचे नाव त्यात घेतले जाते. असंख्य भाविकांच्या श्रद्धेचे ते स्थान आहे. अशा अर्पणाने त्याच्या पावित्र्यास उणेपणा येत नाही. परंतु अर्पण करणाऱ्याची समजूत तपासण्याजोगी आहे. मारलेल्या वाटसरूच्या कनवटीची मोहोर देवापुढे ठेवल्याने ती आपली होते, असे त्यास वाटत असे. दान म्हणजे आपले ते देणे होय. जे मुळात दुसऱ्याचे आहे, ते देवास दिल्याने दान होत नाही. ते ज्याचे त्यास परत करणे हेच त्याचे पहिले कर्तव्य असते. अन्यायाने आलेल्या लाखाहून कष्टाच्या मिळकतीतील एक रुपया अधिक मोलाचा, असे संतांच्या परंपरेने सदैव सांगितले आहे, ते याच कारणाने.

खून करून घर चालविणारे विरळाच. परंतु ‘मुलांसाठी करावे लागते’ असे म्हणून वजनात मारणारा, रुग्णास नको ते औषध विकणारा, मजुराची मजुरी बुडविणारा आणि सायंकाळी घरी देवापुढे निरांजन लावणारा मनुष्य विरळा नाही. त्याचा अपराध वाल्याइतका मोठा नाही, हे खरे. मात्र त्याची सबब शब्दशः तीच आहे.

वाल्याच्या कथेतील परिवर्तनाचा क्षण पुष्कळदा नामजपापासून मोजला जातो. पण त्याआधी तो घरी गेला आणि त्याने घरच्यांना विचारले. रानातील कृत्य त्या दिवशी प्रथमच घराच्या माजघरात शब्दांनी उच्चारले गेले, आणि त्याच क्षणी त्याची दोन आयुष्ये एक झाली. सात रांजणांतील खडे मात्र तसेच राहिले. मेलेले वाटसरू कोणत्याही तपाने परत आले नाहीत, असे कथाही सांगत नाही. पश्चात्तापाने मागचे पुसले जात नाही, पुढचा खडा मात्र टाकला जात नाही.

देवदर्शनास येणारा प्रत्येक भाविक आपल्या घरच्यांसाठी काही ना काही मागत असतो, आणि ते योग्यच आहे. दर्शन घेऊन परतल्यावर त्याने एकदा घरच्यांसमवेत बसावे आणि आपली मिळकत कशी येते, हे काही न झाकता त्यांना सांगून पाहावे. जे सांगताना अडखळावे लागत नाही, ते निःशंकपणे घरी आणावे. जे सांगताना शब्द अडतो, त्याचा वाटेकरी कोणी मिळणार नाही, हे वाल्याच्या घरी फार पूर्वीच ठरून गेले आहे.