नसणं आणि न दिसणं

लिनक्सवर रोज रात्री बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बहुधा आरसिंक असतो. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलेला हा प्रोग्राम एका बाबतीत भलताच समंजस आहे. ‘डिलीट’चा पर्याय दिला, की मूळ डिस्कवरून गेलेल्या फायली तो बॅकअपमधूनही काढतो. पण मूळ डिस्क वाचताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली, तर हे काढणं तो थांबवतो. फाइल नाही आणि फाइल वाचता आली नाही, यांत तो गल्लत करत नाही. (हा विवेक बंद करायचाही पर्याय आहे, आणि तो वापरणारेही आहेत.)

एरर दिसली की आपण मात्र लगेच एफएससीके हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवायला धावतो. त्याला फाइल सिस्टिमची रचना सुसंगत करायची असते. तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नव्हे. ज्यांचा पत्ता लागत नाही, त्या तो ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने टाकतो. डिस्कच मरायला टेकली असेल तर आधी डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.

खरी भीती एररची नाहीच. मूळ डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरशी जोडली गेली नाही, तर तिच्या जागी उरतो एक रिकामा फोल्डर. रिकामं असणं हा काही गुन्हा नाही. ‘डिलीट’ लावलेला आरसिंक बिनतक्रार सगळा बॅकअप पुसून टाकतो. उलट बॅकअपची यूएसबी डिस्क माउंट नसेल, तर प्रती रूट पार्टिशनवरच साचत जातात. पुढे डिस्क जोडली की त्या तिच्याखाली झाकल्या जातात. डीएफ ही कमांड जागा भरल्याचं सांगते, फायलींचे आकार मोजणाऱ्या डीयूला ती कुठे गेली ते सापडत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला डिस्क माउंट आहे का ते तपासणारी ‘माउंटपॉइंट’ची एक ओळ असती तर हे दोन्ही टळलं असतं.

आणि आरसिंक रोज सगळं वाचतो, हाही आपला समज. आकार आणि तारीख जुळली की तो फाइल उघडतच नाही. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आपल्या नोंदींचे चेकसम ठेवू शकते, फायलींच्या मजकुराचे नाही. मजकुराचे चेकसम बीटीआरएफएस आणि झेडएफएस ठेवतात. म्हणून ईएक्सटी४वर जुन्या फोटोतले बाइट बिघडले तरी कुणाला पत्ता लागत नाही. आरसिंकच्या ‘चेकसम’ पर्यायाने ते उघडकीला येतं, पण आधी ‘ड्राय रन’ लावून फक्त यादी मागवावी. दोन प्रतींतली खरी कोणती, हे आरसिंकला कळत नाही; तो नेहमी मूळ डिस्कचीच बाजू घेतो.