तीनशे युरोंचे ताट

एका खेड्यातील शाळामास्तरांनी आम्हांस विचारले आहे की, परदेशात एका नामांकित आचाऱ्याच्या भोजनगृहात एका वेळच्या जेवणास आपल्याकडील शेतमजुराची दोन महिन्यांहून अधिक मजुरी पडते, असे मोबाईलवर वाचण्यात आले. तर तेथे जेवणे हे पाप आहे किंवा नाही?

ज्या भोजनगृहाविषयी मास्तरांनी वाचले, ते इटली देशात मोदेना शहरी आहे. मास्सिमो बोत्तुरा या आचाऱ्याने ते १९९५ साली उघडले. त्याचे नाव ओस्तेरिया फ्रांचेस्काना. ओस्तेरिया म्हणजे साधी खाणावळ; नाव गरिबाचे आणि दर श्रीमंताचा, हे आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. आत सुमारे बारा मेजे. त्या प्रांतातील एकाच जातीचे चीज पाच निरनिराळ्या वयांचे घेऊन, कोठे ऊन, कोठे थंड, कोठे फेसासारखे, असे एका ताटात वाढतात. २०१६ व २०१८ साली जगातील उत्तम भोजनगृहांच्या यादीत त्यास पहिला क्रम मिळाला. ठरावीक जेवणास माणशी तीनशे युरोंहून अधिक पडतात, द्राक्षारस निराळा.

कोणी म्हणतील, त्या पैशावर अनेक हातांस काम मिळते. ते खरेच आहे. २०१२ साली त्या प्रांतात भूकंप होऊन चीजच्या हजारो चकत्या कोसळल्या, तेव्हा याच आचाऱ्याने ते चीज घालून भाताची एक साधी कृती रचली व लोकांस ती घरोघरी करावयास सांगितले. हेतू हा की, माल खपावा आणि गवळी बुडू नयेत. पण आचाऱ्याचे सत्कृत्य जेवणाऱ्याच्या पदरी कसे पडावे?

दुसरे कोणी बेथानीच्या सुगंधी तेलाचा दाखला देतील. त्याचीही किंमत तीनशेच होती, आणि ते दिनार म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची मिळकत. परंतु त्या स्त्रीने ते आपल्या जिभेसाठी ओतले नव्हते, म्हणून हा दाखला येथे लागू पडत नाही. उलट त्या घरात गरिबांचा हिशेब ज्याने मांडला, त्यास गरिबांची पर्वा नव्हती, ही गोष्ट आम्हांस अधिक झोंबते. दुसऱ्याच्या ताटाची किंमत मोजणे फार सोपे असते.

आता पुढे ऐका. २०१५ साली मिलान शहरी मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे उरलेले अन्न फुकट जाऊ नये म्हणून बोत्तुरा यांनी ग्रेको नावाच्या वस्तीत एका ओस पडलेल्या नाट्यगृहात बेघरांसाठी भोजनशाळा उघडली. कारितास आंब्रोसियाना ही रोमन मंडळीची संस्था त्यांच्या जोडीस होती. ती आपली नव्हे म्हणून तिचे श्रेय झाकून ठेवणे आम्हांस रुचत नाही. देशोदेशीचे नावाजलेले आचारी तेथे येऊन शिळ्या पावाचे व डागी फळांचे पदार्थ करीत. पण आम्हांस थांबविले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. तेथे भुकेल्यास भांडे घेऊन रांगेत उभे करीत नाहीत. त्यास मेजाशी बसवितात, आणि वाढपी त्याच्याजवळ येतो.

मास्तरांस उत्तर द्यावयास बसलो, आणि लेखणी अडली. जो केवळ मिरविण्यासाठी तीनशे युरो उधळतो, तो चुकतो, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. कामगार आपल्या मुलीच्या लग्नानिमित्त वर्षभर साठवून एकदा तेथे गेला, तर त्यास दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. परंतु आमच्या मंडळीत गेल्या हंगामाच्या सणास प्रीतिभोजन झाले. वडील मंडळी व पाहुणे पहिल्या पंगतीस बसले, आम्हीही बसलो. वस्तीच्या टोकास राहणारी एक विधवा बहीण नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी पातेले घेऊन उभी होती. तिला भात भरपूर मिळाला, वर रस्साही मिळाला. ती पातेले पदराखाली झाकून निघून गेली. आम्ही तिला पाहिले होते, आणि आमच्या शेजारी एक पाट रिकामा होता.