आज्ञा आणि विवेक : जहाजावरच्या कॅडेटचे शिक्षण

आज्ञा पाळायची सवय लागलेला माणूस विवेकाने वागू शकतो का, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. सवय लागली की विचार सुटतो, असे एक पक्ष म्हणतो. सवयीवाचून विचार कृतीत उतरतच नाही, असे दुसरा म्हणतो. व्यापारी जहाजावर अधिकारी होऊ पाहणाऱ्या कॅडेटचे शिक्षण या वादाच्या अगदी मध्यावर उभे आहे. प्रथम कित्येक महिने त्याला सांगितले ते करायला शिकवतात. शेवटी परवाना मिळतो तो मात्र रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, उभे राहून स्वतः निर्णय घेण्याच्या कामाचा.

भारतात या शिक्षणाची पद्धतशीर सुरुवात 1927 साली मुंबई बंदरात झाली. सैन्य वाहून नेणारे ‘डफरिन’ हे जुने जहाज त्यासाठी प्रशिक्षण-जहाज करण्यात आले. 1972 मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि 1993 पासून नव्या मुंबईत किनाऱ्यावरच्या ‘चाणक्य’ संस्थेत हे काम चालते. किनाऱ्यावरचा अभ्यास संपला तरी कॅडेट अधिकारी होत नाही. 1978 च्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण करारानुसार मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातल्या कॅडेटला किमान 12 महिने समुद्रावर काढावे लागतात. त्यातले किमान सहा महिने अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवरच्या वॉचचे, म्हणजे पाळीने करायच्या पहाऱ्याचे, असावे लागतात. काय काय केले याची नोंद त्याच्या प्रशिक्षण-वहीत होते आणि तिच्यावर अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. पुस्तकी ज्ञान पुरे नाही, हे येथे कायद्यानेच मान्य केले आहे.

पहिले धडे डेकवरचे. हातोडीने गंज झाडायचा, रंग द्यायचा, साखळ्यांना वंगण लावायचे, धक्क्याला लागताना दोर सांभाळायचे. शिकवणारा बहुधा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, ज्याला जुने खलाशी सारंग म्हणत. हुद्द्याने तो उद्या याच कॅडेटच्या हाताखाली येणार असतो. आज मात्र गुरू तोच. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहायचे नाही, हे तो एकदाच आणि मोठ्याने सांगतो. दोर तुटला तर त्याचे टोक किती वेगाने मागे उसळते याचा हिशेब कॅडेटला पुढे कधीतरी कळतो, पण पाय त्याआधीच योग्य जागी पडू लागलेले असतात. न्याय्य कृत्ये करत राहिल्यानेच माणूस न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे, आणि त्यासाठी दाखला दिला आहे तो बांधकाम करता करता गवंडी होणाऱ्याचा. आधी कृती, मग समज, हा क्रम त्याला उलटा वाटला नाही. अर्थात डेकवरच्या सगळ्याच रीती शहाणपणाच्या नसतात. नवख्याला निष्कारण राबवणे, त्याची झोप मोडणे यालाही ‘शिस्त’ म्हणण्याची पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. आज नियमाने 24 तासांत किमान 10 तास विश्रांती द्यावी लागते. थकलेल्या डोळ्यांना दिवे दिसत नाहीत, एवढे एकच कारण त्याला पुरेसे आहे.

आज्ञापालनाचे खरे रूप ब्रिजवर कळते. अधिकारी सुकाणूवरच्या माणसाला ‘पोर्ट टेन’ म्हणतो. तो तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो, चाक फिरवतो आणि सुकाणू त्या कोनावर आले की पुन्हा कळवतो. पाहणाऱ्याला हे पोपटपंचीसारखे वाटते. पण या उच्चारामुळे आज्ञा देणाऱ्याला आपलीच आज्ञा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते, आणि डाव्याऐवजी उजवे म्हटले गेले असेल तर चूक तेथेच पकडता येते. म्हणजे आज्ञा पाळणे हीच आज्ञेची तपासणी होते. लॉगबुकाची शिस्तही अशीच आहे. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, मूळ अक्षरे वाचता आली पाहिजेत, आणि शेजारी दुरुस्ती लिहून सही करायची. चूक करणे क्षम्य आहे, ती नाहीशी करणे क्षम्य नाही, असा हा नीतिनियम कोणतेही प्रवचन न देता अंगवळणी पडतो.

यानंतरचा धडा पाहण्याचा, आणि तो सर्वांत अवघड. 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक योग्य साधनाने सतत टेहळणी ठेवली पाहिजे. सातवा नियम अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधण्यास मनाई करतो. समोरून येणाऱ्या जहाजाचे होकायंत्रावरचे बेअरिंग, म्हणजे आपल्यापासून ते दिसते ती दिशा, बदलत नसेल तर टक्करीचा धोका आहे असे समजायचे. गंमत अशी की असे जहाज नुसत्या डोळ्यांना क्षितिजावर एकाच जागी स्थिर दिसते, आणि जे स्थिर दिसते त्याची माणसाला भीती वाटत नाही. म्हणून कॅडेटला अंदाज सोडून पुन्हा पुन्हा बेअरिंग घ्यायला लावतात. 25 जुलै 1956 च्या रात्री नॅन्टकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही दोन जहाजे एकमेकांना रडारवर दिसत असूनही आदळली आणि सुमारे 50 माणसे दगावली. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी पडद्यावरच्या त्याच ठिपक्यांचा वेगवेगळा अर्थ लावला होता. साधन होते, ते पाहणारेही होते. पाहिले त्यावर शंका घेण्याची शिस्त कमी पडली. भारतीय तर्कशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण मानतात, आणि त्याच शास्त्राने दोरीवर साप दिसण्याच्या भ्रमाची चर्चाही तितक्याच बारकाईने केली आहे. ब्रिजवर त्या चर्चेला तातडी येते, इतकेच.

नियम आणि विवेक यांची गाठ याच टक्कर-प्रतिबंधक नियमांतल्या दुसऱ्या नियमात पडते. नियम न पाळल्याच्या किंवा दर्यावर्दीला साजेशी सावधगिरी न बाळगल्याच्या परिणामांतून कोणाचीही सुटका नाही, असे तो म्हणतो. आणि तत्काळ धोका टाळण्यासाठी नियमांपासून दूर जाणे आवश्यक ठरू शकते, असेही म्हणतो. नियमानेच आपल्या मर्यादेची कबुली दिली आहे. सतराव्या नियमात ती मर्यादा पायरीपायरीने दिसते. ज्या जहाजाला वाटेचा हक्क आहे त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. समोरचा बाजूला होत नाही असे स्पष्ट झाले की त्याला स्वतः वळण्याची मुभा मिळते. अंतर इतके घटले की एकट्या समोरच्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही, तेव्हा मुभेचे कर्तव्य होते. या तीन पायऱ्या कोठे बदलतात, त्याचे मैल नियमात दिलेले नाहीत. जहाजाचा आकार, वेग, दृश्यमानता, आजूबाजूची गर्दी पाहून ते ठरवायचे असते.

कृतीच्या क्षेत्रात आगाऊ नेमके सांगता येत नाही, करणाऱ्यानेच प्रसंग पाहून ठरवावे लागते, हे सांगताना ॲरिस्टॉटलने उदाहरणे दिली ती वैद्यकाची आणि नौकानयनाची. मराठी वाचकाला हाच प्रश्न टिळकांच्या ‘गीतारहस्या’तून परिचित आहे. 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातले ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण अहिंसा, सत्य यांसारख्या नियमांना अपवाद कोठे निघतात याचीच छाननी करते. महाभारतात खरे बोलण्याच्या व्रतापायी दरोडेखोरांना पळणाऱ्यांची वाट दाखवणारा कौशिक पुण्याऐवजी पापाचा धनी होतो. पण या कथेचा आधार घेऊन कोणी नवखा नियम मोडू लागला तर ते घातक ठरेल. अपवादाचा अधिकार नियम पूर्णपणे मुरल्यावर येतो, आधी नाही. कॅडेटला सगळे नियम तोंडपाठ करायला लावतात ते याच समजुतीने, आणि ही समजूत बरोबर आहे. गीतेतही सारा उपदेश झाल्यावरच अर्जुनाला विचार करून इच्छेप्रमाणे करण्यास सांगितले आहे. पहिल्या अध्यायात नव्हे.

मग वरिष्ठच चुकत असेल तर? कांटने 1784 च्या प्रसिद्ध निबंधात सैनिकी अधिकाऱ्याला कामावर असताना आज्ञेबद्दल वाद घालण्याची परवानगी दिली नाही. टीका नंतर, लोकांसमोर लेखणीने करावी असे सांगितले. जहाजावर ही वाटणी चालत नाही, कारण तेथे ‘नंतर’ मिळेलच याची खात्री नसते. जुन्या पद्धतीत कॅडेट गप्प राहत असे, आणि ही त्या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव होती. 1978 च्या प्रशिक्षण करारातल्या 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनी ब्रिजवरच्या सामूहिक कामाच्या प्रशिक्षणात ठामपणे बोलण्याचे कौशल्य वॉच अधिकाऱ्यासाठी आवश्यक ठरवले. दुसऱ्या टोकाला, सुरक्षेच्या आणि प्रदूषणाच्या बाबतीत कॅप्टनचा शब्द कंपनीच्या वरचा मानला जातो. ॲरिस्टॉटलने वादळात माल समुद्रात फेकणाऱ्यांचे उदाहरण घेतले होते. कोणीही शहाणा माणूस माल सहज फेकणार नाही, तरी त्या घडीला तो निर्णय त्याचा स्वतःचाच असतो. परिस्थितीने भाग पाडले, म्हणून तो निर्णय दुसऱ्या कोणाचा होत नाही.

परीक्षा पार करून कॅडेट बहुधा थर्ड ऑफिसर होतो आणि आठ ते बाराचा वॉच त्याच्याकडे येतो. कॅप्टनच्या रात्रीच्या आदेशवहीत शंका आल्यास बोलवा, ही सूचना हमखास असते. शंका येणे हा दोष नसून ती न सांगणे हा दोष, हे त्याने तोवर शिकलेले असावे लागते. मात्र बोलावल्यावर कॅप्टन ब्रिजवर आला तरी जबाबदारी आपोआप हलत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती घेतल्याचे कॅप्टनने स्पष्ट सांगेपर्यंत आणि दोघांनाही ते समजेपर्यंत जहाज वॉचवरच्या अधिकाऱ्याच्याच ताब्यात राहते.