वलगण आणि वैशाख

मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की कर्जत-खालापुरात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं बांधावर उतरतात. उल्हास, पेज, पाताळगंगेतला मासा अंडी घालायला ओढ्यांतून भातखाचरांत चढू लागतो, हीच वलगण. शिवडा, शिंगटी, खवली, हाती लागेल ते पिशवीत जातं आणि पोट जरा दाबलं की बोटांवर पिवळी गाभोळी येते. अशा रात्री वाटतं, ही नदी कुणालाच उपाशी ठेवणार नाही.

नदीची खरी ऐपत मात्र वैशाखात कळते. धार बारीक होते, मासा कोंडात, म्हणजे डोहात, गोळा होतो आणि त्याच कोंडावर बगळ्यांचा, पाणकावळ्यांचा, कातकरी वाडीवरच्या माणसांचाही डोळा असतो. मासळीवर जगणारं पाणमांजर नदीत टिकणार की नाही, हेही इथेच ठरतं. कोकणात ते तिळारीच्या खोऱ्यात आहे, गोव्यात चोडणच्या खाजणांत आहे. त्याच्या अंगावर चरबीचा थर नाही. ऊब सगळी दाट केसांची, त्यामुळे पोटात सतत काही पडावं लागतं. मोठ्याला दिवसाला किलोभर मासळी हवी आणि राहायचं कुटुंबकबिल्यासह. वलगणीतली चंगळ काही त्याला वाळवून ठेवता येत नाही.

स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांवर हान्स क्रूक यांनी युरोपीय पाणमांजरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथे बहुतेक पिल्लं उन्हाळ्यात, मासळीच्या सुगीत जन्मतात. मृत्यू जास्त होतात ते वसंतात, मासळी सर्वांत कमी असते तेव्हा. किती जगणार, याचा निकाल टंचाईचे महिने देतात.

वैशाखात बारीक होणाऱ्या नद्यांच्या मानाने पेज आणि पाताळगंगा नशीबवान. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) इथल्या टाटांच्या वीजकेंद्रांतून घाटावरचं पाणी खाली सुटतं, म्हणून त्या भर उन्हाळ्यातही वाहतात. पण नुसत्या पाण्याने पोट भरत नाही. मासे मारायला कोंडात एकदा ब्लीचिंग पावडर पडली की मोठ्या माशाबरोबर बोटभर पिल्लंही पांढरी पोटं वर करून तरंगतात. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात पाणमांजर पहिल्या अनुसूचीत गेलं. कायदा शिकाऱ्याचा हात धरील. कोंडात मासा कुठून आणील?

तो मासा वलगणीच्या रात्री बांधावरूनच चढत असतो. गाभोळीने जड झालेल्या माशाला त्या रात्री वाट दिली, तर पाऊस ओसरताना त्याची पिल्लं नदीला परत मिळतात आणि वैशाखातल्या कोंडाला लागतात. त्यावर पाणमांजर जगेल, वाडीही जगेल. सुगीत आपण किती ओरबाडलं, याची वसुली टंचाईत होते, आणि ती सर्वांत आधी त्याच्याकडून होते ज्याच्या घरात साठवणीचं काही नसतं.